नोकरांचा जिना

ठाण्याच्या खाडीकाठच्या जुन्या हॉटेलची मोजणी करायला आर्किटेक्ट वैशाली कळव्याहून आली, आणि आल्या आल्याच तिचं डोकं फिरलं. बिल्डरचा माणूस विनीत दारातच म्हणाला, "मॅडम, 'धोकादायक' एवढा एक शब्द लिहा ना. पुढचं आम्ही बघतो."

धोकादायक कसली? काळ्या दगडाच्या कमानी, बिडाचे नक्षीदार खांब, खारा वारा खेळवणारे रुंद व्हरांडे. राणीच्या काळात साहेबलोक इथे हवा खायला यायचे. इमारत अजून शंभर वर्षं सहज उभी राहिली असती.

वरच्या मजल्यावर भिंतीच्या पोटात तिला एक चिंचोळा जिना सापडला. नोकरांचा. साहेबांच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी आतल्या आत ये-जा करायची. कडी मात्र साहेबांच्या बाजूने. तिने ती काढली. दाराच्या आतल्या अंगावर नखांचे ओरखडे होते, एकावर एक, दाट. काही तिच्या गुडघ्याच्या उंचीवर.

फाटकाशी सुकट विकणाऱ्या चंद्रभागा आजींना तिने विचारलं.

"वादलान पानी चरला," आजी टोपलीकडे बघत म्हणाल्या. "खालची मानसा जिन्यान धावली. बाया, पोरा. सायबांनी कडी कारली नाय. वर मेजवानी चालू व्हती."

"मग?"

"मंग काय गो. दुसरे दिशी जिना धुतला."

वैशालीची कानशिलं तापली. ती वर आली, तर विनीतने ती कडी परत लावून टाकलेली.

"साप-बीप निघेल हो."

तिने त्याला सगळं सांगितलं. तो हसला. "हे रिपोर्टमध्ये नका टाकू हं," म्हणाला आणि फोन कानाला लावून खाडीकडच्या खोलीत गेला.

दार त्याच्यामागे बंद झालं. वारा नव्हता. बाहेरची कडी सावकाश सरकली.

"मॅडम, उघडा. आत पाणी येतंय."

खाली ओहोटी होती. चिखल उन्हात चमकत होता. पण दाराखालून गढूळ पाणी झिरपत होतं.

वैशाली धावली. कडीला हात घातला.

तिच्या बोटांवर दुसरी बोटं आली. ओली, गार, लहान. ती जोर करत नव्हती. नुसती टेकली होती.

तिला हिसका देता आला असता.

"मॅडम..."

तिने हात हलवला नाही.

आतल्या धडका आता दाराच्या वरच्या चौकटीशी ऐकू येत होत्या.