वर न गेलेला हात

पॉलिश केलेली खुर्ची तिने सुकायला सुतारशाळेच्या दाराबाहेर उन्हात ठेवली आणि हात पुसायला ती आत वळली. तेवढ्यात एक माणूस आला आणि त्या खुर्चीवर ऐसपैस बसला.

"उठा... उठा आधी."

तो उठायला गेला, पण पँट चिकटली होती.

"बसायची नव्हती तर बाहेर कशाला ठेवली?" मागे वळून डाग बघत तो म्हणाला. "मालकाला बोलवा."

"बोला. मीच मालक."

"आणि ते झाडू मारताहेत ते?"

"तेही मालक. रंधा मारणारेही. इथं सगळेच मालक, आणि वाटणी सारखी."

"मग माझ्या पँटचं नुकसानही सगळे वाटून घेणार?"

"छे. पँट खासगी मालमत्ता — ज्याची त्याने सोसायची."

तो हसला. हसताना त्याचा एक डोळा जरा जास्तच बारीक व्हायचा. ते तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्याचा रागही आला.

समोरच्या फर्निचर कंपनीत तो डिझायनर होता. आता तो रोज दुपारी रस्ता ओलांडून चहाला येऊ लागला... आणि वाद घालायला.

"इथं कुणी टंगळमंगळ केली तर?"

"सगळे त्याच्याकडे बघतात."

"बस, एवढंच?"

"तुझ्याकडे कधी सगळ्यांनी मिळून बघितलेलं दिसत नाही."

"आमच्याकडे घाम गाळेल त्याला फळ."

"आणि घाम संपला की?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "फार कडू बोलतेस."

"मग येतोस कशाला?"

"तेच तर कळत नाही..."

त्याने घडीची एक सुरेख खुर्ची बेतली होती. कंपनीने ती मालकाच्या जावयाच्या नावावर बाजारात आणली. त्याने जाब विचारला, तर त्याच दिवशी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. तो सरळ तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"अजून एक मालक मावेल इथं?"

मावला. तिच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून तो काम करू लागला. तिच्या केसांत अडकलेला लाकडाचा भुगा फुंकून उडवायचा, एखादी गुंडाळलेली ढलपी हळूच काढून घ्यायचा.

"ही कुणाची?"

"सगळ्यांची."

"ही एक माझी," म्हणत तो ती खिशात टाकायचा.

लग्नाचं दोघंही बोलले नव्हते, पण दोघांनीही ते गृहीत धरलं होतं.

त्याने नव्याने बेतलेल्या खुर्च्या धडाधड खपू लागल्या. तो रात्रंदिवस राबत होता. दोघे सुतार मात्र उशिरा यायचे, लवकर पळायचे आणि वाटा पुरता घ्यायचे. सगळे त्यांच्याकडे बघायचे, पण त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. शेवटी त्याने ठराव मांडला : ज्याचं जेवढं काम, त्याला तेवढा वाटा.

"हात वर करशील ना?" सभेला जाताना त्याने विचारलं.

"बघू..."

तिच्या बाबांनी चारचौघांना जमवून ही सुतारशाळा उभी केली होती. आता त्यांचे हात थरथरायचे, पटाशी धरवत नसे. कोपऱ्यात बसून ते पॉलिश पेपरने खुर्च्यांचे पाय घासायचे. नव्या हिशेबात त्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येणार नव्हतं. हे त्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, 'आपण दोघं आहोत की त्यांना सांभाळायला.' पण बाबांनी आयुष्यात कुणाचं सांभाळणं चालवून घेतलं नव्हतं.

सभेत "ठरावाच्या बाजूने?" असं विचारलं गेलं, तेव्हा ती जमिनीकडे बघत बसली. हात मांडीवरच राहिला. ठराव पडला.

बाहेर पडताना तो म्हणाला, "पडणार हे मला माहीत होतं. मी ठराव बघतच नव्हतो. तुझा हात बघत होतो."

बाबांचं नाव तिच्या ओठांवर आलं. पण ती म्हणाली, "मला नाही पटलं तुझं."

तो दुसऱ्या शहरात गेला. तिथं त्याने स्वतःचा कारखाना काढला. पुढे इथले चांगले कारागीर एकेक करून त्याच्याकडेच गेले. टंगळमंगळ करणारे दोघे तेवढे राहिले. त्याने लग्न केल्याची बातमीही तिथून भेटायला आलेल्या एका सुताराकडूनच कळली.

पाहुणा गेल्यावर बाबा पुन्हा खुर्चीचा पाय घासायला बसले. मग म्हणाले, "त्या सभेत मी हात वर केला होता."

तिचा कुंचला थांबला. "ठरावाच्या बाजूने? का?"

"पोराचं म्हणणं रास्त होतं. आणि म्हटलं, तो टिकला तर तुझंही मार्गी लागेल. माझं काय, कोरडी भाकरीही चालली असती मला. तुम्हा दोघांच्या हातची."

"मला कधी बोलला नाहीत..."

"तू मान खाली घालून बसलेली. मला वाटलं, हिच्यासाठी हा तत्त्वाचा प्रश्न आहे. वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. म्हटलं, पोरगी माझ्यावर गेलीय." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "तत्त्वाचाच होता ना?"

त्यांचे थरथरणारे हात तिच्या उत्तराची वाट बघत थबकले होते.

"हो बाबा," ती म्हणाली. "तत्त्वाचाच होता."

बाबांनी समाधानाने मान हलवली आणि पुढचा पाय घासायला घेतला.