कपांचे कान का तडकतात?

“ठण्ण! हा चांगला. थड! हा गेला!” टिचकी भट्टीतून निघालेल्या कपांवर बोटानं टिचक्या मारत सुटला होता. ठमीच्या या धाकट्या भावाला ते नाव काही उगाच पडलं नव्हतं!

ठमीला मात्र हसू येईना. आई कारखान्यात कपांना कान जोडायची, आणि भाजल्यावर ते कान जोडापाशी तडकत होते. “शनिवारपर्यंत हे थांबलं नाही तर दुसरी बाई बघतो,” असं मुकादमांनी बजावलं होतं. वीस वर्षं हेच काम केलेली आई आता स्वतःच्याच बोटांकडे संशयानं बघायची.

शेजारचा चष्मेवाला मुलगा, ज्याला सगळे ‘घुबड’ म्हणत, तो चष्मा सावरत म्हणाला, “ठमे, कच्च्या कपांच्या तळाला मी सुईनं खुणा केल्या होत्या. तडकलेले सगळे दाराजवळच्या फळीवर वाळलेले आहेत. नव्या पंख्यासमोर!”

“मुकादमकाकांना सांगू या!” टिचकी उडालाच.

“पालथ्या घड्यावर पाणी! ते कुठे ऐकणार?” घुबड म्हणाला.

ठमीनं विचार केला आणि ती मुकादमांपुढे जाऊन उभी राहिली. “काका, सहा कान जोडून दाखवता? सुट्टीत शिकायचंय.”

मुकादम खुलले. “बघा रे पोरांनो! याला म्हणतात हात!”

घुबडानं त्या सहा कपांच्या तळाला सुईनं खूण केली. मग त्यातले तीन मुलांनी पंख्यासमोर ठेवले, तीन आतल्या कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली.

शनिवारी भट्टी उघडली. कोपऱ्यातले तिन्ही कप ठण्ण वाजले. पंख्यासमोरचे? थड! थड! थड!

“कोणी जोडले हे?” मुकादम कडाडले.

“तुम्हीच, काका,” ठमी हळूच म्हणाली. “तळाला खूण आहे.”

आईनं एक तडकलेला कप उचलून जोडावरून बोट फिरवलं. मग आई सावकाश बोलली, “कान बारीक. वाऱ्यानं तो आधी वाळून आकसतो, कप ओलाच राहतो. जोड ताणला जातो.”

“मग पंखा लावलाच कशाला?” टिचकीनं विचारलं.

मुकादमांची मान खाली गेली. “दोन दिवसांचं वाळवण एका दिवसात उरकायला. माल लवकर हवा होता.”

“शाबास, पोरांनो!” भट्टीवाले आजोबा म्हणाले. “आम्ही इतके दिवस नुसते तडे मोजत बसलो!”

मुकादमांनी स्वतःच्या हातानं पंखा उतरवला. भिंतीवर खडूनं लिहिलं, ‘वाळवण दोन दिवस, ओल्या फडक्याखाली.’ मग ते आईकडे वळले. “ताई, दोष तुमच्या हातात नव्हता. माझ्या घाईत होता. मला माफ करा.”

आईचे डोळे भरून आले. पण ती एवढंच म्हणाली, “आधी फडकी भिजवून आणा. सकाळचे कप अजून उघडेच आहेत!”

आणि सर्वांत आधी मुकादमच बादलीकडे धावले.