इंगळीवरची नारिंगी रेघ

"डोळे मिटून मारलीस तरी चालेल, पण मार एकदाची!" ताई म्हणाली.

"चावेल ती!" मुंगी म्हणाली.

सगळं वर्कशॉप हसलं. सगळं म्हणजे चारच जण. पाना पुसत बसलेला मामा, त्याची मोठी लेक ताई, धाकटा लेक ढोल आणि शेजारची पिन. ढोलला ढोल म्हणत कारण हळू बोलणं नावाचा प्रकार त्याला जन्मापासून ठाऊक नव्हता. पिन टोचणारे प्रश्न विचारायची. आणि मुंगी ही मामाची भाची. बारा वर्षांची, पण दिसायला नऊची, आणि सुट्टीपुरती इथे राहायला आलेली.

तिच्यासमोर स्टँडवर उभी होती ती. काळी कुळकुळीत, पुढून झुकलेली, चोचीसारखं तोंड आणि विंचवाच्या नांगीसारखं वर उचललेलं शेपूट. शर्यतीची मोटरसायकल! मुंगीने पहिल्याच दिवशी तिचं नाव इंगळी ठेवलं होतं आणि तेव्हापासून तिच्या पुढून जाताना ती भिंतीला पाठ घासत जायची.

"तिला आरसे का नाहीत?" पिनने विचारलं.

"मागे बघायला वेळ कोणाला आहे?" ढोल गरजला. "अंग सगळं असं गुळगुळीत का, तर वारा कापायला! तोंडाजवळचे हे छोटे पंख बघ. विमानाचे पंख वर उचलतात, हे खाली दाबतात. नाहीतर वेगात पुढचं चाक हवेत जाईल!"

"आणि हँडल इतकं खाली का?"

"ताईला पोटावर झोपून चालवता यावी म्हणून! इंजिनला श्वास घ्यायला नाकासमोर भोक आहे. जितका वेग, तितकी हवा आत!"

श्वासही घेते म्हणे. मुंगीच्या अंगावर काटा आला.

"भाषण पुरे," मामा म्हणाला. "मुंगे, हात आण."

पुढच्या चाकाला दोन मोठ्या चकत्या होत्या. ब्रेक दाबला की प्रत्येक चकतीला एकेक जाडजूड चिमटा गच्च पकडायचा. मामा त्याला कॅलिपर म्हणायचा. चाक काढायचं तर आधी हे चिमटे सोडवावे लागत. मामाने कॅलिपरचा बोल्ट मोठ्या पान्याने आवळला. पाना 'टक्' बोलला. पुरेसा आवळला गेला की तो टक् म्हणतोच.

"आता रेघ," मामा म्हणाला.

ताईची नारिंगी नेलपॉलिशची बाटली मुंगीच्या हातात आली. बोल्टवरून निघून शेजारच्या धातूवर संपेल अशी एक रेघ मारायची. बोल्ट नंतर केसभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते, की समजायचं, घोळ आहे! ताई बसण्याआधी सगळ्या रेघा बघायची. रेघ अखंड तर गाडी ठीक, असा मामाच्या वर्कशॉपचा शिरस्ता. मुंगीची बोटं बारीक म्हणून या सुट्टीत हे काम तिच्याकडे आलं होतं.

मुंगीने श्वास रोखला आणि हात पुढे केला. हात लटलट कापत होता. रेघ उमटली ती वेडीवाकडी, चार ठिकाणी थरथरलेली.

"ही रेघ आहे की भूकंप?" ढोल म्हणाला.

"चालते!" ताईने मुंगीच्या डोक्यावर टपली मारली. "उद्या चाचणीत मी शेवटच्या वळणाला ब्रेक दाबेन ना, तेव्हा सगळा भार या पुढच्या चाकावर येईल. मागचं जवळजवळ हवेत! तेव्हा तुझा हा भूकंपच मला सांभाळणार आहे."

चाचणी चांगली झाली तर ताईला शर्यतीच्या संघात जागा मिळणार होती. गेली तीन वर्षं घरात दुसरा विषय नव्हता.

दुपारी मामा आणि ताई हेल्मेट आणि कातडी पोशाख तपासून घ्यायला ट्रॅकवर गेले. ते जाऊन फार वेळ झाला नसेल, तोच पांढरे बूट करकर वाजवत चकमककाका आले. मोटरसायकली बनवणाऱ्या कंपनीचे ते जाहिरातवाले. गाडी त्यांचीच होती. गॉगल चमके, घड्याळ चमके, हसले की दातही चमकत. बरोबर एक फोटोग्राफर आणि एक भलंमोठं गोल खोकं.

"मुलांनो, बाहेर! इंगळी म्हणता ना तिला? तिचे फोटो काढायचेत. तुमच्या मामांना विचारलंय."

शटर धाडकन खाली आलं.

आतून आवाज यायला लागले. टंग. खळ्ळ. मग बराच वेळ काहीच नाही.

"फोटो काढताना टंग कोण करतं?" पिनने विचारलं.

तिघं शटरच्या फटीला डोळे लावून बसली. आत अंधार होता. मधूनच फ्लॅशचा पांढरा झोत पडायचा आणि इंगळी क्षणभर दिसून नाहीशी व्हायची. प्रत्येक झोतात ती थोडी जवळ आली आहे असं मुंगीला वाटत होतं. एका झोतात पुढे काहीतरी सोनेरी झळकलं.

"चाक सोनेरी होतं!" मुंगी कुजबुजली.

"फ्लॅशचा उजेड असेल!" ढोल कुजबुजला. म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

शटर वर सरकलं. चकमककाकांचा चेहरा लालबुंद होता. "कान लावून बसलात? एक लक्षात ठेवा! आतलं बाहेर गेलं, कंपनीला त्रास झाला, तर तुमच्या ताईची चाचणी रद्द! कळलं?"

काका गेल्यावर त्यांनी आत डोकावलं. इंगळी जागच्या जागी उभी. चाक काळंच.

संध्याकाळी मामाने विचारलं, "फोटो झाले का? हात लावू नका म्हणून बजावलं होतं मी त्यांना."

मुंगीने तोंड उघडलं. 'चाचणी रद्द' हे दोन शब्द आठवले आणि तिने ते पुन्हा मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅकवरच्या गॅरेजमध्ये ही गडबड! इंगळीच्या टायरांना गरम पट्टे गुंडाळले होते, रबर तापल्याशिवाय रस्ता पकडत नाही म्हणून. मामा वेळ मोजायला दूरच्या टोकाच्या खोलीत निघाला. जाता जाता त्याने वाकून रेघांवरून नजर फिरवली. "सगळ्या जुळल्या," तो म्हणाला. ताईनेही एकेक रेघ बघितली. "जुळल्या."

पिन मात्र चाकाकडेच बघत होती. "चाक तर काळं आहे. मग ते सोनेरी गेलं कुठे? त्या गोल खोक्यात?"

तेवढ्यात ताईने इंगळी सुरू केली. आधी गुरगुर, मग असा चिरका आवाज, की गॅरेजचे पत्रे थरथरले. मुंगीने कान दाबले आणि घाबरून खाली बघितलं. समोरच पुढचा कॅलिपर होता. त्यावरची नारिंगी रेघ होती. अखंड. सरळ. पट्टी लावून मारल्यासारखी देखणी.

मुंगीने वाकून पुन्हा बघितलं.

ही आपली रेघ नव्हे.

"ताई!" ती ओरडली. पण त्या आवाजात तिला स्वतःचंच ओरडणं ऐकू आलं नाही. ताईने हेल्मेटची काच खाली केली. पट्टे निघाले. इंगळी गॅरेजबाहेर सरकली.

"मुलं बाहेर! बाहेर!" चकमककाकांनी तिघांना दोरीपलीकडे ढकललं.

"काका, तो बोल्ट... कोणीतरी काढलाय! ती रेघ माझी नाही!"

काकांचं हसू एकदम विझलं, आणि तेच मुंगीला सगळ्यात भयंकर वाटलं. "गप्प बस!" ते दातांतून म्हणाले. "रेघ जुळलीय ना? मग झालं! एक शब्द बोललीस तर ताईचं नुकसान तुझ्यामुळे होईल."

पलीकडे ताई रेषेवर जाऊन उभी राहिली होती. समोर संघाच्या कोचबाई झेंडा घेऊन उभ्या होत्या. समोरचा रस्ता सरळ, लांबलचक, आणि त्याच्या टोकाला ते वळण.

खरंच आपलं चुकलं असेल तर? ताईची तीन वर्षं! आणि चुकलं नसेल तर?

"ढोल," मुंगी म्हणाली. तिची बोबडी वळली होती. "काकांना अ... अडव."

ढोलने एकही प्रश्न विचारला नाही. त्याने पोट धरलं, गाल फुगवले आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा आवाज काढला. "काका! उलटी! मला उलटी होतेय!" आणि तो थेट पांढऱ्या बुटांवर वाकला.

"अरे बूट! बूट सोड! कोणीतरी धरा याला!" काका एका पायावर नाचायला लागले.

पिनने दोरी उचलली. मुंगी खालून निसटली आणि पळत सुटली.

जवळ जावं तसा आवाज अंगात घुसत होता, दातांत, बरगड्यांत. गरम हवेचा झोत तोंडावर आला. इंगळी उडी मारायच्या बेतात होती. ताई पोटावर झोपली होती, तिची नजर झेंड्यावर होती. झेंडा वर गेला. सगळ्या जगात ज्या एका वस्तूला हात लावायचा नाही असं मुंगीने ठरवलं होतं, तिच्या उजव्या हँडलवर एक लाल खटका होता. इंजिन बंद करायचा.

मुंगीने डोळे मिटले आणि तो दाबला.

शांतता. अशी, की दोरीवरचं फडकं फडफडलेलं ऐकू यावं.

मग सगळे एकदम ओरडायला लागले. कोचबाई झेंडा टाकून धावल्या. ताईने काच वर केली. "मुंगे! वेड लागलंय का तुला?"

"रे... रेघ..."

"रेघ जुळलीय! मी स्वतः बघितलीय!"

"जुळलीय!" मुंगीला रडू फुटलं. "पण ती थरथरत नाहीये!"

ताई बघतच राहिली. मग ती खाली उतरली, गुडघ्यावर बसली, हातमोजा काढला आणि दोन बोटांनी बोल्ट धरला.

बोल्ट फिरला. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरावं तसा, सहज.

तिने दुसरा धरला. तोही फिरला.

तोवर मामा धापा टाकत पोचला होता. कोणी काही सांगायची गरज पडली नाही. त्याने बोल्टकडे पाहिलं, मग समोरच्या लांबलचक रस्त्याकडे, मग टोकाच्या वळणाकडे, आणि मटकन खाली बसला. ताईने तिथे पूर्ण वेगात ब्रेक दाबला असता. सगळा भार पुढे आला असता. आणि चिमटा सुटला असता.

"सोनेरी चाक लावलं होतं ना काका?" पिनने विचारलं. "फोटोसाठी?"

सगळ्यांच्या नजरा चकमककाकांकडे वळल्या. ढोलने अजून त्यांचा पाय सोडला नव्हता.

"तसं... म्हणजे... काळ्या चाकाला फोटोत उठाव येईना," काका चाचरले. "मोटरसायकली विकतो मी, एक चाक बदलता येत नाही मला? परत बसवलं होतं नीट. बोल्ट हाताने लावले आणि तेवढ्यात फोन आला. नंतर बघितलं तर त्या नारिंगी रेघा तुटक दिसत होत्या. आणखी एक फोटो घ्यायचा होता. मला वाटलं, शोभेच्या आहेत. म्हणून पुसून तिथल्याच बाटलीने नव्या मारल्या."

"म्हणजे बोल्ट आवळायचा सोडून," कोचबाई सावकाश म्हणाल्या, "तुम्ही रेघ दुरुस्त केलीत."

मामा ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त उठला आणि काकांच्या हातातली गॅरेजची चावी काढून घेतली. कोचबाईंनी दोरीकडे बोट दाखवलं. पांढरे बूट करकरत पलीकडे गेले.

मग इंगळी पुन्हा स्टँडवर चढली. मामाने तिचा एकेक बोल्ट तपासला. टक्. टक्. टक्. प्रत्येक टक्नंतर तो मुंगीकडे हात करायचा आणि मुंगी रेघ मारायची.

दुपारी चाचणी झाली. ताई वळणाकडे गेली तेव्हा मुंगीने डोळे घट्ट मिटले होते. इंजिनचा चढता सूर, चढता, चढता, आणि एकदम उतरला. ब्रेक! मुंगीने श्वास रोखला. पिनने तिचा हात इतका दाबला की बोटं पांढरी पडली. एक क्षण. आणखी एक. मग सूर पुन्हा चढला, वळणापलीकडून, खणखणीत.

"गेली! गेली वळण पार करून!" ढोलचा आवाज इंजिनाच्या वर गेला.

कोचबाईंनी घड्याळ मामाला दाखवलं. "जागा तिची," त्या म्हणाल्या. मग मुंगीसमोर वाकल्या. "माझ्या झेंड्याच्या आड आजवर कोणी आलं नव्हतं. पुन्हा येऊ नकोस. पण आज आलीस ते फार बरं केलंस. तुम्ही तिघांनीही."

"मला उलटी मात्र खरंच आली नव्हती हं," ढोलने खुलासा केला.

ताईने हेल्मेट काढलं आणि मुंगीला उचलून गरगर फिरवलं. दोघीही रडत होत्या, त्यामुळे आधी कोण रडलं हा वाद घरी अजून मिटलेला नाही.

मुंगी अजून इंगळीपासून हातभर लांबच उभी होती. तापलेलं इंजिन टिक् टिक् वाजत होतं.

"मामा," ती हळूच म्हणाली, "काल मी सोनेरी दिसलेलं सांगायला हवं होतं. मी घाबरले."

"आणि मी नुसती रेघ बघितली, बोल्टला हात लावला नाही," मामा म्हणाला. "मी घाबरलो नाही, ते चुकलं." त्याने नारिंगी बाटली तिच्या तळहातावर ठेवली. "आजपासून रेघा तूच मारायच्या."

"पण माझा हात थरथरतो."

"म्हणूनच."

"आणि थरथरायचा थांबला तर?"

मामाने जरा विचार केला. "तर लगेच मला सांग," तो म्हणाला. "मग मी घाबरायला लागेन."