अठरा क्विंटल पऱ्हाटी

बोथ गावच्या वजनकाट्यापाशी, एका ट्रॉलीभर पऱ्हाटीत माझी ओढणी अडकली आणि नेमका ट्रॅक्टर सुरू झाला. नाइलाजाने मी दोन पावलं त्याच्यामागे चालले... मग ओरडले. चालक उतरला. कपाशीच्या वाळक्या झाडांतून माझ्या ओढणीचा एकेक धागा तो असा सोडवू लागला, जणू यंदाची शेवटची वेचणी अजून राहिली होती.

"म्याडम, वजन पऱ्हाटीचं कराचं का ओढणीचं?"

"पऱ्हाटीचं. केवढ्याला विकणार?"

"विकाची नाई. माय चुलीत घालते."

"घरी गॅस नाही?"

"हाये ना. च्या गॅसवर, भाकर चुलीवर."

मी मंजुषा. मुधोळच्या कापडदुकानदाराची मुलगी; हैदराबादच्या एका संस्थेत ऊर्जेच्या अर्थशास्त्राचा अभ्यास करते. वीजकेंद्रात कोळशाबरोबर जाळण्यासाठी पऱ्हाटीचे पेलेट, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्या, बनवणारा कारखाना या भागात काढावा का, हे मला सांगायचं होतं. माझ्या तक्त्यात पऱ्हाटीपुढे लिहिलेलं होतं: टाकाऊ, किंमत शून्य. आणि हा तरुण मला सांगत होता की ती त्याच्या घरची भाकर आहे.

त्याचं नाव करण. पुढचे दहा दिवस त्याची मोटारसायकल पुढे आणि माझी भाड्याची स्कूटी मागे, अशी आम्ही गावं पालथी घातली. पळस पेटले होते. करणच्या गाडीची धूळ माझ्या पापण्यांवर बसे, आणि मला ती पुसावीशी वाटत नसे.

"तुमी इचारता, पऱ्हाटी विकाल का. लोकं हो म्हनतात. झालं का मंग?"

"नाही. तोंडच्या उत्तरावर माझं शास्त्र विसंबत नाही. माणूस कशासाठी काय सोडतो, ते पाहायचं. तीच त्याची खरी आवड."

"लय कडक शास्त्र हाये."

"तुम्ही काय सोडाल?"

"कशासाठी... ते तर ठरू द्या."

तो हसला आणि मी वहीत एक आकडा चुकीचा लिहिला.

त्याच्या अंगणात पऱ्हाटीची गंजी उभी होती, छपराहून उंच. त्याची आई, देवकाबाई, तिच्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "आमच्यात पाव्हणे पोराले मागून पाह्यतात, गंजी आंधी. लेकीले जळण धुंडा लागू नाई म्हनून. बाजारहत्नूरचे उद्धवराव येऊन राह्यले ना, यालेच पोरगी द्याले!"

मी अर्धा चहा तसाच खाली ठेवला. शनिवारी माझी हैदराबादची बस होती. मला काही वाटण्याचा हक्क नव्हता. तरी वाटत राहिलं.

एकच माप उरलं होतं: एका घराला वर्षाला किती जळण लागतं? त्यासाठी वर्षभराच्या जळणाची अख्खी गंजी काट्यावर न्यायला हवी होती आणि गंजी मोडायला कुणीच राजी नव्हतं.

"आमची न्या," करण म्हणाला. "गुरुवारी."

"आणि पाहुणे?"

"ते सोमवारी येतीन."

हे त्याने माझ्याकडे न पाहता सांगितलं.

गुरुवारी देवकाबाई बाजाराला गेल्या होत्या. तीन खेपा झाल्या, अठरा क्विंटल भरले. तिसरी ट्रॉली घेऊन आम्ही परतलो तेव्हा आधीच्या दोन खेपांचा विस्कटलेला ढीग अंगणात पडलेला होता आणि गंजीच्या जागी उरलेल्या पांढुरक्या गोलात एक कोंबडी उकरत होती. फाटकाशी जीप उभी होती. बाजाराची पिशवी हातातच घेऊन देवकाबाई एका वयस्क गृहस्थांना विनवत होत्या. हेच उद्धवराव.

"अवो, गंजी कुठी गेली नाई! वजनाले नेली व्हती!"

"वजनाले?" उद्धवराव थबकले. "जळण तोलून जाळते हे घर? नाई बा. माह्या लेकीले भाकरीबी तोलून भेटन."

जीप गेली. धूळ बसायला फार वेळ लागला.

"देवकाबाई, चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी बाजारहत्नूरला जाते, आत्ता. त्यांना समजावते... ते सोमवारी येणार होते ना?"

"सोमवार?" देवकाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "गुरुवार म्हनून मीनंच याले तीनदा सांगतलं."

आम्ही दोघींनी करणकडे पाहिलं. तो एका रिकाम्या बोंडात चिकटून राहिलेला कापूस नखाने काढत होता, फार सावकाश.

"तुमीच म्हनल्या होत्या," तो म्हणाला, "तोंडचं खरं नाई. माणूस काय सोडते, ते पाह्याचं." मग प्रथमच त्याने माझ्याकडे सरळ पाहिलं. "मंग... पाह्यलं ना?"

दहा दिवस छातीत काहीतरी अडकून होतं. ते सुटलं. त्या ओढणीसारखंच, एकही धागा न तुटता.

"पोरगी घालवली, गंजी मोडली!" देवकाबाई कडाडल्या. "तोंडानं सांगाले जीभ नोती का रे, गाढवा?" मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "मुधोळात कोनाच्या तुमी?"

"प्रवीण कापडवाल्यांची..."

"गंजी रचता येते?"

"नाही."

"शिका मंग. जो मोडते त्यालेच रचा लागते. बुडखे बाहीर, शेंडे आत."

त्या संध्याकाळी मी तक्त्यातलं 'टाकाऊ' खोडलं. उपलब्ध अठरा क्विंटल, घरची गरज अठरा क्विंटल, अतिरिक्त शून्य. शेऱ्यात लिहिलं: आधी चुलीपुरतं वगळावं, मगच कारखान्याचा काटा मांडावा.

शनिवारी दुपारी गंजी छपराच्या उंचीला आली होती. करण वर उभा होता, मी खालून मोळ्या देत होते. माझ्या तळव्यांवर ओरखडे होते, केसांत कापूस. दूर महामार्गावर हॉर्न वाजला.

"मंजुषा..." त्याने पहिल्यांदाच नावाने हाक मारली. "तुमची बस चालली."

मी पुढची मोळी वर दिली.