धारूरच्या किल्ल्यात चुकलेला होकार

खांद्यावरची सीताफळांची पाटी खाली ठेवून तो वळला, आणि रुद्राणीनं त्याला ओळखलं. तोच की हा! महिन्यापूर्वी बीडला तिला बघायला आलेला. परवा साखरपुड्यात ज्याच्या नावाचं कुंकू लागायचं होतं, तोच… धारूरच्या किल्ल्यात, बुरुजापाशी, एकटा!

नवरीनं लग्नाआधी सासरचं गाव बघायची रीत नव्हतीच. पण "पोरीला किल्ला दाखवून आणते" म्हणत शांतादेवी आत्यानं तिला एसटीत बसवलं होतं. डोंगरमाथ्यावरचं ते चिमुकलं गाव, लांबच लांब तटबंदी आणि खालची खोल दरी बघून रुद्राणी हरखली होती. आत्याचे गुडघे मात्र दरवाजातच बोलायला लागले आणि ती तिथंच सावलीला टेकली.

"तुमी… इथं?" तो गडबडला.

"कावून? किल्ला तुमच्या नावावर केलाय का?"

आपल्या जिभेचं रुद्राणीला स्वतःलाच नवल वाटलं. पण होणाऱ्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायला कुणाची चोरी? तो हसला. तेच हसू! बघायच्या कार्यक्रमात मान खाली घालून बसायचं, हे तिला घरच्यांनी दहादा बजावलं होतं. समोर दोन तरुण होते. एक आपल्या पायाची नखं बघत होता, दुसऱ्यानं विचारलं होतं, "तुम्हाला वाचायला काय आवडतं?" स्वयंपाक येतो का, हे सोडून असलं कोण विचारतं? तिनं एकदाच डोळे वर केले, आणि तेवढ्यात काम झालं. विचारणारा तोच नवरदेव, यात तिला तिळमात्र शंका वाटली नाही.

त्यानं पाटीतलं एक सीताफळ फोडून अर्धं तिच्या हातावर ठेवलं. बोटं बोटांना लागली. दोघांनीही दरीकडे बघितलं.

"पिकलंय हे कसं कळतं तुमाला?" तिनं विचारलं.

"डोळे उघडतात त्याचे."

"अन् माणसाचे?"

"माणसाचं लई अवघड हाय बघा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पुण्याला गेल्यावर आठवल का हे धारूर?"

"आठवायला कशाला पाहिजे? तुमी असणारच की संगं…"

सीताफळ तोंडाकडे नेणारा त्याचा हात वाटेतच थांबला. "मी? मी पुण्याला कशाला येतो? माझी खव्याची भट्टी हाय इथं. पुण्यात इंजिनियर हाय तो संगमेश्वर. मी मृत्युंजय… त्याचा दोस्त."

रुद्राणी दोन पावलं मागं सरली.

"मग त्या दिवशी… मला तुमी कावून इचारलं?"

"त्याच्या तोंडातून शब्द निघंना. लाजाळू हाय लई. म्हणून मी…"

"मी तुमाला होकार दिलता!"

बोलून बसली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर धरले. मृत्युंजय तर पांढराफटक पडला. "येताना जीपमधी त्यानं मला इचारलं, पोरगी कशी वाटली? मीच म्हणालो, डोळे झाकून हो म्हण."

"अन् तुमाला? तुमाला कशी वाटली?"

"…तवापासून झोप न्हाई."

"मग बोलायचं होतं!"

"त्यानं पोरीबद्दल इचारलं. माझ्या मनाचं इचारलं न्हाई."

तिला रडू फुटलं. परवा कुंकू लागलं की सगळं संपणार होतं. ती डोळे पुसत थेट आत्यापाशी गेली आणि एका दमात सगळं सांगून मोकळी झाली.

"अगं भवाने!" आत्यानं कपाळावर हात मारला. मागोमाग आलेल्या मृत्युंजयच्या कपाळावरची विभूती तिनं डोळे बारीक करून बघितली. "कुणाचा रे तू?… आपल्यातलाच दिसतोस, ते राहू दे. आधी त्या पोराला सांग. त्याला फसवून काही व्हायचं न्हाई. घरच्यांना मी बघते."

बाजारात नुकताच एसटीडीचा पिवळा बूथ झाला होता. मृत्युंजयनं पुण्याला संगमेश्वरच्या कंपनीत फोन लावला. काचेबाहेरून रुद्राणीला त्याचे नुसते हलणारे ओठ दिसत होते. मग ओठ थांबले. त्यानं दार उघडून रिसीव्हर तिच्यापुढे धरला. "तुमच्याशीच बोलायचं म्हणतोय."

"खरंच त्याला बघून हो म्हणलात?" पलीकडून आवाज आला. त्या दिवशी तिला हा आवाज ऐकूच आला नव्हता.

"हो," ती म्हणाली. "माझं चुकलं. पण मन त्यांच्यावरच बसलंय."

पलीकडे खुर्ची मागं सरकल्याचा आवाज आला.

"मला राग आलाय. लई राग आलाय," संगमेश्वर म्हणाला. "त्याला सांगा, तुमच्या दोघांच्या कुंकवाला मला येववणार न्हाई… लग्नाला येतो."

रुद्राणीनं निरोप जसाच्या तसा सांगितला. मृत्युंजय बूथच्या पायरीवरच मटकन बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. आत्या "अगं, लोक बघतायत!" म्हणेपर्यंत, भर बाजारात, रुद्राणी त्याच्या शेजारी जाऊन बसली होती.