वयाला शोभेल असं

पाच वर्षांची झाली त्या आठवड्यात शर्वाणी खराडेनं चहात साखर कमी टाकायला सांगितलं.

"अर्धाच चमचा," ती म्हणाली, आणि सोफ्यावर बसताना गुडघ्यावर हात टेकून "आई गं" असं कण्हली. तिची आई ऋजुता स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. तात्या, म्हणजे ऋजुताचे सासरे, हसले नाहीत. त्यांनी मुकाट्यानं आपल्या पाठीमागची उशी काढली आणि नातीच्या पाठीला लावली.

"बरं वाटलं," शरू म्हणाली. "तुमचं कसंय कंबरेचं?"

दोन हजार छप्पन साल होतं. सांगलीत विश्रामबागेतल्या अलकनंदा इमारतीत, ज्या ज्या घरात लहान मूल त्या त्या घरात बालदर्शक बसवलेला होता. बालदर्शक म्हणजे कार्टून दाखवणारी काच. कुठल्या मुलानं कुठल्या वयात काय बघावं यावरून इतकी वर्षं नवराबायकोत इतकी भांडणं झाली होती, शाळांत इतक्या पालकसभा झाल्या होत्या, की शेवटी सरकारनं तो निर्णय आईबापांच्या हातून काढूनच घेतला. आईबापांनी पेढे वाटले.

आता ते काम यंत्र करायचं. त्याला वयजुळणी म्हणत. मूल काचेसमोर बसलं की यंत्र त्याच्या डोळ्यांतली बाहुली बघणार, ती कधी मोठी होते, कधी लहान. श्वास मोजणार, पापणी मोजणार, हे सगळं सेकंदाला तीस वेळा. मूल कंटाळलं, घाबरलं, गोंधळलं, तर पुढचं चित्र तिथल्या तिथे बदलणार. गोष्ट आधी तयार नसायचीच. गोटू नावाचं एक पिवळं अस्वल तेवढं सगळ्या घरांत सारखं. बाकी प्रत्येक पोराचा गोटू वेगळा, त्या पोराच्या वयाला शोभेल असा. आणि दिसायचा फक्त काचेपुढे बसलेल्यालाच. लांबून नुसता पिवळा ठिपका हलताना दिसे आणि आयांचा जीव भांड्यात पडे.

खराड्यांकडे काच बसवली तेव्हा शरू चार वर्षांची होती. ऋजुता पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात गेलेली, तिचा नवरा रणजित मस्कतला. माणूस आला, काच भिंतीला ठोकली, चहा पिऊन गेला. मग काचेतून गोड आवाज आला, "नमस्कार. आपली जन्मतारीख सांगा."

आता "आपली" म्हटल्यावर माणूस कुणाची सांगणार? तात्या चौतीस वर्षं मिरज स्टँडवर एसटीचे कंट्रोलर होते. गाडी नंबर, फलाट नंबर, सगळं माइकवरून खणखणीत. त्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं, "एक जून एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी!"

तीही खरी नव्हतीच. शाळेत घालताना मास्तरांनी अर्ध्या वर्गाला तीच तारीख वाटली होती. पण यंत्राला काय त्याचं.

"धन्यवाद," यंत्र म्हणालं. "आता समोर बसवा."

तात्यांनी शरूला समोर बसवलं.

पहिले आठ दिवस ती रडली. मग रडायची थांबली. दोन महिन्यांत ती खुर्चीवर एक पाय दुमडून बसायला लागली. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन गादीखाली घडी करून ठेवायला लागली. दुपारी एक ते तीन कुणी बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "माणसं झोपतात ओ या वेळेला!" बालवाडीतल्या बाईंना तिनं सांगितलं की तुमचा चेहरा सुजल्यासारखा दिसतोय, बीपी बघून घ्या. बाईंनी चेष्टेत बघितलं तर निघालं एकशे सत्तर. तेव्हापासून बालवाडीत तिला कुणी काही बोलेना. गॅदरिंगमध्ये तिला ससा केलं होतं. ती सशाच्या कानांसकट खाली उतरली आणि पहिल्या रांगेत, आज्यांसाठी राखलेल्या खुर्चीवर जाऊन बसली. शेजारच्या आजींनी तिला सरकून जागा दिली आणि सुनेबद्दल सांगायला सुरुवात केली.

ऋजुताला हे कौतुकाचं वाटायचं. दर रविवारी तिच्या फोनवर यंत्राचा निरोप यायचा: जुळणी सत्त्याण्णव टक्के, अभिनंदन. वरच्या मजल्यावरच्या अबीरची चौऱ्याण्णवच होती. ऋजुता लिफ्टमध्ये अबीरच्या आईला मुद्दाम विचारायची, "तुमची किती आली ओ या आठवड्यात?"

खरं काय ते एकट्या तात्यांना माहीत होतं. ते शरूशेजारी बसून रोज गोटू बघायचे. आधी त्यांना वाटलं, काय समजूतदार कार्टून झालीत आजकाल! अस्वल निवृत्त होतं. अस्वलाला शाल आणि नारळ मिळतो. अस्वलाची बायको जाते, आणि ते दोन कप चहा करून बसतं, आणि मग एक ओतून टाकतं. त्या भागाला तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी गुपचूप पुसून शेजारी बघितलं तर शरू पण डोळे पुसत होती. तेव्हा त्यांना "आपली जन्मतारीख" आठवली.

उद्या सुनेला सांगू, म्हणाले. सांगितलं नाही.

त्याचं असं झालं, की त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून घरातली माणसं त्यांच्याशी जरा मोठ्यानं आणि जरा कमी बोलायची. शरू आधी "तात्या, तू चल ना" म्हणायची. एके दिवशी म्हणाली, "अहो तात्या, बसा की. कुठं गाडी सुटतीय?" आणि बसले की ती विचारायची, ऐकायची, मान हलवायची, मधेच "तेव्हा माणसं वेगळी होती," म्हणायची. कुठली माणसं, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. पण तात्यांना ते बरोबर वाटायचं. बागेतल्या कट्ट्यावर ती त्यांच्याबरोबर जायला लागली. कट्ट्यावरची म्हातारी मंडळी पहिले दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी तिची जागा ठरून गेली. एकदा ती सर्दीनं गेली नाही, तर चौघांनी घरी फोन केले.

मग गोटूनं मधाच्या बरण्या वाटायला काढल्या.

एका ओळीत मांडल्या, प्रत्येकीवर नाव लिहिलं. शेजारी शरू एकटक बघत होती. दुसऱ्या दिवशी तिनं आपली सायकल वॉचमनच्या मुलीला दिली. रंगपेटी अबीरला. बाहुल्या एका पिशवीत भरून पिशवीला गाठ मारली. संध्याकाळी ऋजुता तिचे केस विंचरत होती तेव्हा शरू शांतपणे म्हणाली, "तो पांढरा फ्रॉक नको गं घालूस मला तेव्हा. हिरवा घाल."

"कधी?" ऋजुता म्हणाली.

शरूनं तिच्या गालावर हात फिरवला, जसा मोठं माणूस फिरवतं तसा. "कळेल तुला."

ऋजुतानं कंगवा टाकला आणि, असलं हिला त्या काचेशिवाय कोण शिकवणार म्हणून, कंपनीला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला डॉक्टर नाझनीन जमादार दारात हजर. मिरजेच्याच, बालदर्शक बनवणाऱ्या कंपनीत वयजुळणीचं शास्त्र यांनीच बसवलं होतं. त्यांनी काचेच्या मागचा कप्पा उघडला, आकडे बघितले आणि खुर्चीवर बसल्या.

"हिची जन्मतारीख कुणी सांगितली?"

तात्यांनी वर्गातल्यासारखा हात वर केला. सगळं सांगितलं. कधी कळलं तेही सांगितलं. ऋजुता त्यांच्याकडे बघत राहिली, पण एक शब्द बोलली नाही. ती ओरडली असती तर तात्यांना बरं वाटलं असतं.

"पण डॉक्टर," तात्या म्हणाले, "चुकीचं कार्टून बघितलं तर पोर कंटाळंल, रडंल. म्हातारं कसं होईल?"

"नवी चप्पल चावते की नाही, काका? चार दिवसांनी चावायची थांबते. का?"

"सैल होते."

"आणि पायाला घट्टा पडतो. दोन्ही होतं. शेवटी बसते, एवढं खरं. आम्ही यंत्राला एकच सांगितलं होतं: मूल आणि कार्टून जुळलं पाहिजे. दोघांपैकी बदलायचं कुणी, ते सांगायचं राहून गेलं."

"राहून गेलं!" ऋजुता म्हणाली. "आणि यंत्रानं माझी पोर बदलली?"

"चार वर्षांचं डोकं फार लवकर वळतं, ताई. अडुसष्ट वर्षांचं कार्टून बदलण्यापेक्षा ते सोपं पडलं असणार. म्हातारपणाच्या गोष्टी आम्ही कुणी लिहिल्याच नाहीत. त्यानंच रचल्या."

"आता पुढं काय येणारे त्यात?"

डॉक्टरांनी हातातल्या पाटीवर बोट फिरवलं. "शुक्रवारी शेवटचा भाग आहे. अस्वल झोपतं."

"आणि?"

"आणि उठत नाही."

"आणि शरू?"

"जुळणी अठ्ठ्याण्णव टक्के आहे, ताई," डॉक्टर जमादार म्हणाल्या आणि खाली बघू लागल्या.

ऋजुता उठून काच उपसायलाच निघाली. डॉक्टरांनी तिचा हात धरला. नुसतं बंद करून भागणार नव्हतं. बंद केलं तर शरू आहे तिथेच राहणार: अडुसष्टाव्या वर्षी, आवराआवर झालेली, वाट बघत. तिला परत आणायचं तर यंत्रानंच आणायला हवं. खरी तारीख सांगायची, पंधरा दिवस समोर बसवायचं. पण तारीख बदलायला आवाज तोच लागतो, पहिल्यांदा सांगणाऱ्याचा.

"तात्या, सांगा," ऋजुता म्हणाली.

"सांगतो. पण डॉक्टर, येणारी पोर आमचीच ना?"

"पाच वर्षांची मुलगी येईल."

"ते नाही विचारलं मी. आमची शरू?"

"शरू कशी होती हे यंत्राला माहीत नाही, काका. त्यानं तिला पहिल्यांदा बघितलं तेच म्हातारी म्हणून. त्याला पाच वर्षांचं मूल कसं असतं तेवढं माहीत आहे. लाखभर मुलांवरून काढलेलं. कशाला हसतं, कधी घाबरतं, किती वेळ रुसतं. तशी येईल. अगदी योग्य."

तात्यांनी हळूहळू वर बघितलं, छताकडे. वर अबीर राहायचा.

"मग ज्यांनी तारखा बरोबर सांगितल्या, त्यांच्या पोरांचं काय झालं?"

"काही नाही. ती छान आहेत. त्यांची कुणाची तक्रारच नाही."

"तक्रार कशी असंल? पाचाचं पाच झालं तर कुणाला कळणार, आधीचं गेलं म्हणून?"

डॉक्टर जमादारांनी हातातली पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

"तुमच्या घरी आहे का कुणी लहान?"

"मुलगा आहे. सात वर्षांचा." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "त्याची तारीख मी स्वतः भरली होती. फार गुणी आहे. कधी त्रास म्हणून..."

"काहीही असू दे," ऋजुता म्हणाली. "माझी पोर शुक्रवारी मरता कामा नये. सांगा तारीख, तात्या."

शरू आतल्या खोलीतून आली होती. कधी आली ते कुणालाच कळलं नाही. ती येऊन काचेपुढच्या आपल्या खुर्चीवर बसली, एक पाय दुमडून, आणि शेजारची खुर्ची थोपटली.

"बसा तात्या."

तात्या बसले.

"मला घालवायचं ठरलंय ना? घालवा. माझं सगळं आवरून झालंय."

"शरू, अगं..."

"मी कसली शरू. तुम्हालाही माहितीय." ती हसली, दुधाच्या दातांनी. "तिचं वय आहे अजून. तिला येऊ द्या. तुम्हाला बोलायला कुणी उरणार नाही, तेवढंच वाटतं मला. औषध विसरू नका दुपारचं."

तात्यांना तिला सांगायचं होतं की येणारी ती पहिली शरूसुद्धा नाही. मरणाऱ्या माणसाला असलं सांगायचं नसतं.

"सांगा की आता. स्टँडवर सांगायचा तसं. खणखणीत."

तात्यांनी तिचा हात हातात घेतला. एवढासा हात, त्याच्यावर पेनानं काढलेलं घड्याळ. घसा साफ केला, आणि सांगितलं.

"चौदा ऑगस्ट दोन हजार एक्कावन्न."

"धन्यवाद," यंत्र म्हणालं.

पंधरा दिवस शरू रडली, चिडली, झोपली. सोळाव्या दिवशी तिनं चहा मागितला नाही. सायकल परत मागितली, वॉचमनच्या मुलीशी त्यावरून भांडली, आणि बरोबर तेवढाच वेळ रुसली जेवढा रुसायला हवा. कट्ट्यावरची मंडळी बागेत भेटली तर आईच्या मागं लपली. ऋजुतानं मस्कतला फोन लावून नवऱ्याला अर्धा तास सांगितलं. सासऱ्यांशीही ती हळूहळू बोलायला लागली, पूर्वीसारखं, जरा मोठ्यानं.

संध्याकाळी पाचला शरू काचेपुढे बसली. तात्या सवयीनं शेजारी बसायला गेले.

"तू सरक ना तात्या! मला दिसत नाही!"

ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत शरू खळखळून हसली. आणि त्याच क्षणी, त्याच सुरात, वरच्या मजल्यावर अबीर हसला. खालच्या मजल्यावरची जुळी हसली. समोरच्या इमारतीतून हसू आलं, तिच्या मागच्या इमारतीतूनही. तात्या आठ महिने ह्या वेळेला काचेपुढे बसून होते. त्याच्या आधी ते याच गॅलरीत असायचे, आणि असं हसू ऐकलं की त्यांना आपलं वाटायचं, पोरं खाली कुठंतरी खेळतायत.

"ऐकलंत का?" ऋजुता टॉवेल वाळत घालायला बाहेर आली होती. तिचा चेहरा किती दिवसांनी मोकळा दिसत होता. "अगदी वयाला शोभेल असं हसते आता."

तात्या ऐकत होते. हसू वाढत गेलं, पाचही मजल्यांवरून, गल्लीच्या दोन्ही बाजूंनी, आणि मग एकदम, सगळीकडे एकाच वेळी, थांबलं.