झिजलेला शब्द

शब्दतोल प्रयोगशाळेतल्या मोठ्या पडद्यावर घसरणीचे पाच इंग्रजी शब्द, किंचित खाली येण्यापासून पार कोसळण्यापर्यंत, चढत्या क्रमाने उभे होते: डिप, स्लाइड, स्लम्प, प्लंज, क्रॅश. पुण्यातल्या त्या थंडगार दालनात रोज सकाळी एवढंच काम चाले. देशात कुठे काय घसरलं त्याचे आकडे यायचे आणि प्रत्येक घसरणीला यांपैकी एक शब्द लावून पत्रक बाहेर जायचं. विभागाच्या प्रमुख होत्या डॉ. मंजिरी नेजदार. सरकारात त्यांच्या शब्दाला वजन होतं, असं लोक गमतीने म्हणत.

आज मात्र मंजिरीचा जीव टांगणीला लागला होता. ओतकामाचे, म्हणजे फाउंड्रीचे आकडे येणार होते, आणि कोल्हापूरला तिच्या धाकट्या भावाने, रणजितने, नवी भट्टी बसवली होती. सकाळीच त्याचा फोन आला होता. "अक्का, पोरं कामावर आल्यात. पेटवू का थांबू, तेवढं पत्रक निघालं की कळव."

आकडा आला आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला. घसरण होती, पण अगदी किरकोळ.

"पण शब्द कशाला लागतो?" डॉ. परवीन इनामदारांनी मुद्दाम विचारलं. पत्रकं वाचून कर्जाचे निर्णय घेणारी बँकांची वाचकयंत्रं तपासण्यात त्यांची हयात गेली होती. इथे त्या याच आठवड्यात रुजू झाल्या होत्या. "आकडा दिला की झालं."

"आकड्यावर यंत्रांचा विश्वास नाही," मंजिरी म्हणाली. "आकडा नंतर सुधारून येतो. शब्द कुणी सुधारत नाही. म्हणून कर्ज द्यायचं की आखडायचं, ते यंत्रं शब्दावरून ठरवतात. कुठल्या शब्दाने बाजार किती हादरतो ते आम्ही मोजलंय. डिपचं वजन सगळ्यांत कमी. म्हणून मोठी पडझड झाली तरी आम्ही डिपच लावतो. घबराट होत नाही, कारखाने तगतात."

"म्हणजे खोटं बोलता."

"सांभाळून बोलतो," मंजिरी हसली. "आज तेही करावं लागणार नाही. आज खरंच डिप आहे."

तिने पत्रक सोडलं आणि लगेच रणजितला निरोप धाडला: फक्त डिप आहे, घाबरू नकोस, खुशाल पेटव. कितीतरी दिवसांनी मनात काही न लपवता लिहिलेलं वाक्य होतं ते. तिला फार बरं वाटलं.

बरं वाटणं काही फार टिकलं नाही. चहाचा कप अर्धा व्हायच्या आत पडद्याची कड लाल झाली. एकामागून एक बँकांनी ओतकाम कारखान्यांची कर्जं गोठवली होती. एवढा हादरा प्लंजला बसेल, डिपला नव्हे, असं शब्दांच्या वजनांचा तक्ता सांगत होता. गेली दोन वर्षं धक्के तक्त्यापेक्षा जरा जास्तच बसत होते; त्याचं खापर ती तेलाच्या किमतींवर फोडून मोकळी झाली होती. आज तेल जागच्या जागी होतं.

"ही वजनं कधी मोजली होती?" परवीनने हळूच विचारलं.

"प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा."

"त्यानंतर?"

मंजिरीने नकारार्थी मान हलवली. परवीनने खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, ही यंत्रं शब्दकोश वाचत नाहीत. ती शिकतात. शब्द आला, नंतर काय झालं, एवढंच लक्षात ठेवतात. तुम्ही डिप म्हणालात आणि मागून कारखाने बंद पडले, असं किती वेळा झालं? आता डिप म्हणजे काय, ते तुम्हीच त्यांना शिकवलंय."

मंजिरीला आता उलगडा झाला. ती खोटं बोलत होती तोवर बरेचसे कारखाने कसेबसे उभे होते, आणि खरं बोलली त्या दिवशी सगळे गोत्यात आले. निदान एका माणसाला तरी ती सगळं तोंडाने समजावून सांगू शकत होती. तिने कोल्हापूरला फोन लावला.

"रणजित, बँकेचा फोन येईल. त्यांच्या यंत्रांची चूक आहे रे. तू भट्टी विझवू नकोस."

"बँकेचा फोन कुठला? अजून आलाच नाही." पलीकडे शेडमध्ये शुकशुकाट होता. "तुझा निरोप आला तसं पोरांना घरी लावून दिलं की. भट्टी पेटवलीच नाही."

"अरे, पण मी खुशाल पेटव म्हणून लिहिलं होतं!"

"मागच्या खेपेला पण हेच लिहिलं होतंस बघ. फक्त डिप, घाबरू नकोस. आणि मग काम आटलं, दिवाळीच्या तोंडावर निम्मी माणसं कमी केली मी. त्याच्या आदल्या खेपेलाही तसंच."

"या वेळी खरंच आहे रे. अगदी थोडी घसरण आहे. शपथ."

"तवा पण खरंच म्हणाली होतीस की." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "तू धीर द्यायला बोलतीस, कळतंय मला. म्हणून तर तुझं ऐकून मी उलटं करायला शिकलो."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग मी काय म्हणू, सांग. काय म्हटलं म्हणजे तू भट्टी पेटवशील?"

रणजितने खरोखरच विचार केला. लहानपणी गणित घातलं की असाच थांबायचा तो.

"काय सांगू अक्का," तो म्हणाला. "तसा एखादा शब्द तुझ्याकडं उरलाय का अजून?"